झडी लागली की...



भंडाऱ्याकडच्या बायकांना पावसाचे प्रकार शिकवावे लागत नाहीत. शिरवा कोणता, सर कोणती, वळवाचा पाऊस कोणता, हे स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकून त्या सांगतात. पण 'झडी' म्हटलं, की त्यांचा चेहराच बदलतो. झडी म्हणजे माहेरपणाला आलेली नणंद! एकदा आली की तीन-चार दिवस राहिल्याशिवाय जायची नाही. तिच्या येण्यानं घर भरल्यासारखं वाटतं हे खरं, आणि घरातल्या बाईचं काम दुप्पट होतं हेही तितकंच खरं.

थंड मुलुखातल्या लोकांना बर्फ घरात कोंडून घालतो. २०१६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला दोन दिवसांत सुमारे २७ इंच बर्फ पडलं, तेव्हा तिकडे असलेल्या आपल्या कितीतरी लेकीसुना दाराबाहेर पाऊल टाकू शकल्या नव्हत्या. आपल्याकडे तेच काम झडी करते. आभाळ खाली उतरतं, भर दुपारी दिवा लावावा लागतो, रस्ता ओस पडतो. जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात, पोट्टे घरात नाचायला लागतात, आणि साहेबांची स्वारी आरामखुर्चीतून म्हणते, "काय मस्त हवा पडली आहे! जरा भजी होऊन जाऊ दे!"

हवा मस्त असते, यात शंकाच नाही. प्रश्न इतकाच, की ती मस्त हवा तुमच्या वाट्याला किती येते? मागच्या झडीचा एक दिवस आठवून पाहा. सकाळी सासूबाईंना आल्याचा चहा, नऊला नाश्ता, अकराला मुलांना "काहीतरी खायला", दुपारचं जेवण, चारला भजी, भज्यांवर पुन्हा चहा, आठला गरमगरम जेवण. त्यात कपडे वाळत नाहीत, कामवाली आलेली नाही, पायपुसणी तीनदा बदलून झाली. घरातल्या सगळ्यांना सुट्टी, आणि त्या सुट्टीची हमाली एकटीवर. म्हणून आज मला भज्यांची कृती सांगायची नाही. ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते. झडीचे चार दिवस घरातल्या बाईलाही सुखाचे जावेत म्हणून काय करता येईल, ते आज बोलू या.

झडी सांगून येते

आपल्याकडची मोठी झडी बहुधा बंगालच्या उपसागरातून येते. तिथं कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो ओडिशा, छत्तीसगड ओलांडून पूर्व विदर्भावर सरकतो, आणि मग आपल्याकडे पाऊस धरून बसतो. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस होतो. त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही जुलै-ऑगस्ट म्हणजे झडीचा खास हंगाम. तेव्हा बातम्यांत 'उपसागरात कमी दाब' हे शब्द ऐकले, की समजावं, हाताशी बहुधा दोनेक दिवस आहेत. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आपल्या जिल्ह्यासाठी असेल तर मग विचारायलाच नको.

या दोन दिवसांत पुढची कामं उरकून टाका. सगळी तुम्हीच करायची नाहीत बरं का! यादी लिहून फ्रिजच्या दारावर लावा आणि प्रत्येक कामापुढे एकेक नाव घाला.

गच्चीवरची पन्हळ आणि पाणी जायची भोकं साफ करणं हे घरातल्या पुरुषांचं काम. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला की सरकारी भाषेत अतिवृष्टी म्हणतात. म्हणजे गच्चीच्या दर चौरस मीटरवर ६५ लिटर पाणी! साडेपाचशे चौरस फुटांची गच्ची असेल तर सव्वातीन हजार लिटरच्या वर झालं. एवढं पाणी जाण्याच्या वाटेत पिंपळाची चार पानं अडकली, तर ते तुमच्या माजघराच्या भिंतीतून वाट काढणारच.

उन्हाळ्यातला कूलर अजून खिडकीत असेल तर त्याची टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करून ठेवा. डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुष्कळ होतं. हे काम मोठ्या मुलाला द्या. मोबाईल, बॅटरी आणि असेल तर इन्व्हर्टर भरून ठेवणं मुलीकडे. औषधाच्या गोळ्या, विशेषतः रक्तदाबाच्या आणि साखरेच्या, आठवडाभर पुरतील इतक्या आहेत की नाहीत हे मामंजींनी स्वतः पाहावं. आपल्या गोळ्या आपण मोजायला वयाची आडकाठी नसते.

तुमच्याकडे राहतं ते स्वयंपाकघर. कांदे, आलू, लसूण, कोहळं, चार लिंबं आणि दुधाच्या भुकटीचं लहान पाकीट असलं म्हणजे भाजीवाल्याची आणि दूधवाल्याची वाट पाहावी लागत नाही. लसणाची कोरडी चटणी लाईन असतानाच मिक्सरमधून काढून ठेवा. पीठ मात्र फार दळून आणू नका, ओलसर हवेत त्याला लवकर वास येतो. मिठाच्या बरणीत तांदळाचे दहा-बारा दाणे टाकले की मीठ ओलावून गोळा होत नाही, हे तुमच्या आजीनं सांगितलेलं आहेच. आणि उन्हाळ्यात गच्चीवर राबून केलेल्या मुगवड्या, सरगुंडे, कुरड्या डब्यात कशासाठी आहेत? पाहुण्यांसाठी राखून राखून त्यांना पोरकिडे लागतात. काढा बाहेर! हे वाळवण आपल्या आज्या-पणज्यांनी मुख्यतः झडीसाठीच तर केलं.

दिवसातून दोनदाच चूल

झडीत बाईला दमवतो तो स्वयंपाक नव्हे, पुनःपुन्हा पेटणारी शेगडी. म्हणून पहिल्याच दिवशी घरात जाहीर करून टाका: चूल सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मधल्या वेळचा चहा सकाळीच करून थर्मासमध्ये भरलेला, ज्याला हवा त्यानं ओतून घ्यावा. मधल्या वेळचं खाणं म्हणजे भाजलेले दाणे, लाह्या, चिवडा, डबा टेबलावर. दोन दिवस कुरकुर होईल, तिसऱ्या दिवशी सवय होईल.

आणि भजी? भजी हवीतच! झडीत भजी झाली नाहीत तर झडीलाच वाईट वाटेल. पण ज्याला खायची हौस, त्यानं कांदे चिरायचे आणि पीठ कालवायचं. तळणीपाशी तुम्ही उभ्या राहा हवं तर, पण कढई नंतर घासायची कोणी, हे आधी ठरवून घ्या. तेल गरम झाल्यावर ही बोलणी करायची नसतात.

झडीसाठी माझ्या मते सगळ्यांत सोयीचा आपला वैदर्भीय पदार्थ म्हणजे गोळाभात. एकाच भांड्यात होतो, पोटभर होतो, आणि त्याच्यासोबत पोळी-भाजी काही लागत नाही. इतर ठिकाणच्या मैत्रिणींसाठी कृती देते.

चार माणसांना दोन वाट्या तांदूळ घ्या. आपल्याकडचा चिन्नोर असला तर घरभर वास सुटेल, पण रोजचा तांदूळही चालतो. एक वाटी जाडसर बेसन घेऊन त्यात तिखट, हळद, मीठ, हिंग, थोडा ओवा, चिरलेला सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन घाला. अगदी थोड्या पाण्यात घट्ट मळून लिंबाएवढे गोळे करा. पातेल्यात नेहमीप्रमाणे भात लावा, पाणी नेहमीपेक्षा अर्धी वाटी जास्त. भात पाऊण शिजला, वर थोडं पाणी दिसत असलं, की गोळे भातावर अलगद मांडा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं वाफ येऊ द्या. गोळा मोडून पाहावा, आत कच्चा दिसला नाही म्हणजे झालं. मग फल्लीच्या तेलाची मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि लाल मिरच्या घालून चरचरीत फोडणी करा. ताटात भात, भातावर कुस्करलेला गोळा, वर फोडणीचं तेल आणि लिंबाची फोड. सोबत चिंचेचं सार असेल तर उत्तम. खरकटं भांडं किती? एक पातेलं आणि एक कढलं!

कुंपणापाशी तरोटा उगवला असेल तर त्याची कोवळी पानं खुडून, तीन पाण्यांनी धुऊन, लसणावर परता. धोप्याची पानं आली असतील तर वड्या वाफवून ठेवा, दोन दिवस पुरतात. झडीत बाजारची पालेभाजी चिखलानं माखलेली असते, तेव्हा घराभोवतीची चार पानं बरी.

ओले कपडे आणि ओल्या भिंती

झडीत चादरी, पडदे, जाडे पॅन्ट धुवायला काढणं म्हणजे आपण होऊन दुखणं ओढवून घेणं. रोजच्या वापरातले हलके कपडे तेवढे धुवा. दोरी पंख्याखाली बांधा, दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, जाड कपडे उलटे करून टाका. कुबट वास येत असेल तर शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून खळबळा. अर्धवट वाळलेल्या कपड्यांना इस्त्री फिरवली की काम होतं. पण गॅसच्या शेगडीवर दोरी बांधून कपडे वाळवणं मात्र कुणीही करू नये. एक बाही खाली लोंबली की होत्याचं नव्हतं होतं.

भिंतीला ओल दिसली तर तिथल्या बटणांना ओल्या हातानं शिवू नका, मुलांनाही बजावून ठेवा. कपाटं दिवसातून थोडा वेळ उघडी ठेवा. आणि भंडाऱ्याची म्हणून ज्यांची ख्याती, ती आपली पितळी भांडी झडीत काळवंडणारच. त्यांच्या मागे आत्ता लागू नका. ऊन पडलं की चिंच लावून घासा, चार दिवसांत त्यांचं सोनं कुठं पळत नाही.

एक गोष्ट मात्र आळस न करता करा. बिळांत पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधत घरात येतात. मण्यार तर रात्रीची फिरते, आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. म्हणून झडीत कुणालाही जमिनीवर निजू देऊ नका. खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली. चप्पल-बूट झटकून घालायचे. दंशाची नुसती शंका आली तरी झाडफूक करण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

दुपारचा एक तास

आता खरी गोष्ट. जेवणं आटोपली, भांडी विसळून झाली, की दोन ते तीन हा तास तुमचा. हे घरात मोकळेपणानं सांगायचं. "जरा पडते" असं अपराध्यासारखं पुटपुटायचं नाही. "तीनपर्यंत मला हाक मारू नका," असं हसत पण स्पष्ट म्हणायचं.

तुम्ही म्हणाल, "लिहायला सोपं आहे हो! आमच्याकडे सासूबाई काय म्हणतील?" माझा अनुभव सांगते. सासूबाईंना पुष्कळदा कामापेक्षा सोबत हवी असते. लसूण सोलायला द्या, वाल निवडायला द्या, नातवंडांना सारीपाट किंवा काचकवड्या शिकवायला सांगा. पत्त्यांचा बदाम सात लावून दिला तर आजी, आजोबा आणि नातवंडं तास काय, दोन तास हलणार नाहीत. आणि एक दिवस सासूबाईंनाच म्हणून पाहा, "आज तुम्हीही माझ्याजवळ पडा." त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांना हा तास कुणी दिला नव्हता. कदाचित त्या रागावणार नाहीत, त्यांच्या माहेरच्या झडीच्या गोष्टी सांगत बसतील.

या तासात काय करायचं? काहीही! पण एक अट आहे. कपाट आवरायचं नाही, वाती वळायच्या नाहीत, उसवलेली बटणं लावायची नाहीत. आपल्या हातांना रिकामं बसायची इतकी सवय नसते, की सुट्टीतही ते काम शोधतात. अर्धवट राहिलेलं पुस्तक वाचा. बहिणीला फोन करा, पण तिच्या घरातलं कामकाज विचारायला नव्हे, नुसतं बोलायला. खिडकीत बसून समोरच्या कौलांवरून पडणारी धार पाहा. झोप आली तर झोपा. मोबाईलवर दुसऱ्यांच्या भज्यांचे फोटो मात्र पाहत बसू नका, तास कुठं गेला कळत नाही.

या तासानं घर काही बुडत नाही. उलट मुलांना एक धडा मिळतो. आईलाही थकवा येतो आणि आईलाही एखादी गोष्ट आवडते, हे ज्या मुलाला दहाव्या वर्षी कळतं, त्याच्या बायकोला पुढे हा तास मागावा लागत नाही.

आपल्या सुखाच्या पलीकडे

आपल्याला हवा असलेला हा आराम आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही हवा असतो. त्यांच्या घराचं छप्पर आपल्यापेक्षा पातळ, वाट आपल्यापेक्षा चिखलाची. झडीत गुडघाभर पाण्यातून त्या आल्या नाहीत तर आपण कपाळाला आठ्या घालतो. त्यापेक्षा आदल्या दिवशीच सांगावं, "मावशी, लाल इशारा आहे, उद्या येऊ नका, पैसे कापणार नाही." दोन दिवसांची भांडी घरात सगळ्यांनी मिळून घासली तर कुणाचे हात झिजत नाहीत. गोळाभात केलात की भांडी तरी कितीशी असतात?

आणि आपण खिडकीतून झडी पाहतो, त्याच वेळी गावाबाहेरच्या बांध्यांमध्ये बाया चिखलात वाकून रोवणी करत असतात. त्यांना झडी हवी असते, कारण पाण्याशिवाय धान नाही, आणि तीच झडी दिवसभर त्यांच्या पाठीवर कोसळत असते. ताटातला भात टाकताना एवढं आठवलं तरी पुष्कळ.

नदीवर नजर

शेवटी वैनगंगेबद्दल. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्या मैत्रिणींना हे ठाऊक आहे, नव्यानं बदली होऊन आलेल्यांसाठी लिहिते. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यातून येते. त्यामुळे आपल्या दारातला पाऊस थांबला म्हणजे संकट टळलं असं नसतं. वर पडलेलं पाणी इथं पोचायला वेळ लागतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस तसंच झालं. मध्य प्रदेशातल्या मुसळधार पावसानं संजय सरोवर धरणातून पाणी सोडावं लागलं, वैनगंगा फुगली, आणि भंडारा शहरातल्या सखल वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. अनेक घरांत धान्याच्या कोठ्या, गाद्या, मुलांची पुस्तकं, सारं काही चिखलात गेलं.

म्हणून सखल भागात घर असेल तर झडीत चार गोष्टी हाताशी असू द्या. घराची, शेतीची, बँकेची कागदपत्रं आणि मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंच फळीवर. धान्य जमिनीवरून वर. एका पिशवीत औषधं, कोरडे कपडे, बॅटरी, थोडे पैसे. आणि कुठं जायचं हे आधीच ठरलेलं. पाणी उंबऱ्याला लागायच्या आत मेन स्विच बंद करून, गॅसचं बटण फिरवून निघायचं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, तो दारामागे लिहून ठेवा. पुलावरून पाणी वाहत असेल तर "एवढंसं तर आहे" म्हणून कुणालाही गाडी घालू देऊ नका, मग तो कितीही हुशार जावई असो.

पुरानंतर नळाचं पाणी गढूळ आलं तर तुरटीनं निवळून, गाळून, खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या. कुणाला जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजत राहा, आणि डॉक्टरांना दाखवा.

एवढी तयारी झाली की मन निर्धास्त होतं, आणि निर्धास्त मनालाच झडी गोड लागते. यंदा 'उपसागरात कमी दाब' असं ऐकाल, तेव्हा यादी फ्रिजवर लावा, थर्मास काढून धुऊन ठेवा, आणि दोन ते तीन हा तास आपल्या नावावर लिहून टाका. यादीतलं पहिलं नाव तुमचंच असू द्या.

तुमच्याकडे झडीत काय खास होतं, आणि तुमचा तास तुम्ही कसा मिळवलात, ते मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात पाहू, पोळ्याच्या आणि तान्ह्या पोळ्याच्या धावपळीत फराळाची कामं आधी कोणती उरकावीत ते.